पदरमोड

बैठक शुक्रवारी ठेवा, असं मीच सुचवलं.
आठवड्याच्या सुरुवातीला विमानं महाग असतात, म्हणाले.
ब्रेमेनच्या ऑफिसात उटाने मान वर केली,
माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या झिमझिमीकडे,
आणि काही न बोलता तिकीट काढलं:
जाणं गुरुवारी रात्री, येणं रविवारी रात्री.
मधल्या दोन रात्री माझ्या खर्चाने.
पदरमोड.

बॅगेत एक सूट, पंपांच्या सीलचे सहा नमुने
आणि बुटांत कोंबलेले लोकरी मोजे.
विमानतळावरच्या माणसाने मोजेच तेवढे उलगडून पाहिले.
नमुन्यांकडे ढुंकूनही नाही.

इन्सब्रुकला हेर ग्राइडरर, खरेदी विभाग,
चष्मा पुसत पुसत
किंमत अकरा टक्के खाली घेऊन आले.
आवळा मी दिला, कोहळाही मीच दिला.
त्यांच्या खांद्यामागे डोंगर:
माथ्यावर टोपीएवढं पांढरं, खाली सगळं तपकिरी.
"यंदा उशीर होणार," कोणीतरी पुटपुटलं.
मी घाईघाईने म्हणाले, नाही, डिलिव्हरी वेळेत होईल.
सगळे हसले. ग्राइडरर सोडून.

शनिवारी पहिल्या बसने वर.
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, उघडी एकच उतरण,
रात्रभर यंत्रांनी फवारलेली,
दोन्हीकडे गवत, मधे बँडेजसारखी पट्टी,
आणि अधूनमधून बँडेजमधून पाझरलेली माती.
भाड्याच्या दुकानातली मुलगी म्हणाली,
"जुन्या स्की देते, खाली दगड आहेत."
अख्खी दरी त्या पट्टीवर लोटलेली:
शर्यतीची पोरं, त्यांना ओरडणारे मास्तर,
थर्मासमधून काहीतरी पिणारे चार म्हातारे,
आणि मी.
गुडघ्यांना मार्च आठवत होता.
मांड्या सगळं विसरल्या होत्या.

तिसऱ्या फेरीला पाळण्यात शेजारी
कोपराला चिकटपट्टी लावलेलं एक नारिंगी जाकीट.
मधल्या खांबापाशी वारा उठला
आणि दोरच थांबला.
खाली वीस मीटर काही नाही. गवतही नाही, खडक.
जाकिटाने गॉगल काढला, पुसू लागलं.
आधी डावी काच, मग उजवी, परत डावी.
मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं असणार.
अकरा टक्के आमच्यामधे पाय हलवत बसले होते.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग ते म्हणाले, माझा बाप इथे बर्फ तुडवायचा.
यंत्रं नव्हती तेव्हा. दहा-बारा जण ओळीने,
आडव्या स्कींनी, पायरी पायरी, तळापासून माथ्यापर्यंत.
मजुरी म्हणून दुपारचे दोन झोके फुकट.
"एक तो घ्यायचा. एक मला द्यायचा."

वाऱ्याने पाळणा थोडा वळला.
त्यांनी हातमोज्याने खाली दाखवलं,
पांढऱ्या यंत्रांमागचं काँक्रीटचं खोपटं.
"पंप तिथे आहेत. सील गळतात.
दर डिसेंबरला, नेमके नाताळच्या आठवड्यात."
हे काय होतं? गप्पा? की कालची बैठक
अजून संपलीच नव्हती?
जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं.
नमुने हॉटेलवर होते
आणि शनिवार होता.
"आमच्याकडे डोंगरच नाहीत," एवढंच म्हणाले.
"मग या ना," ते म्हणाले. कुठे, कधी, ते नाही.

दोर धडपडत सुरू झाला.
वर पोचल्यावर त्यांनी मान हलवली
आणि कडेकडेने गेले, जिथे बर्फ सर्वात पातळ.
स्कीखाली दगड करकरल्याचा आवाज
पहिल्या वळणापर्यंत ऐकू आला.

रविवारी संध्याकाळी, बस विमानतळाकडे निघाली
तेव्हा खरा बर्फ सुरू झाला. अर्थातच.

सोमवारी खर्चाचा अर्ज भरताना
मोज्यातून गवताची एक काडी निघाली, अजून हिरवी.
उटा टेबलापाशी येऊन उभी राहिली.
"मग? कसं झालं?"
"अकरा टक्के," मी म्हणाले.
"ते नाही विचारलं गं."