शेवटचा रोल नंबर

हजेरीपटात माझं नाव पेन्सिलीनं,
एकशे सतरावं.
शहाद्याला आम्ही बेंझीनपाशी थांबलो होतो,
जळगावात हे अमाइन्स संपवून बसलेत.

रूमवरचा लोकेश, भालोदचा,
वही सरकवतो:
बाण कुठून निघतो ते बघ,
इलेक्ट्रॉन जास्त असतात तिथून.
सुटून जाणाऱ्या गटाचं पुढे काय होतं,
ते पेपरात येत नाही.

कूलरच्या वाऱ्यात खोडरबराचा भुगा उडतो.

काल प्रॅक्टिकलला एस्टर केला.
नळीतून केळीचा वास आला.
इथे केळीचं कुणाला नवल!
मला मात्र चीक आठवला,
बाबांच्या शर्टावरचा,
धुऊन न निघणारा, काळा.

रात्री आईचा फोन, "जेवना का?"
हो म्हणतो.

चार पर्याय. एक गोल
पूर्ण काळा करायचा.
अमाइन्स अजून राहिलेत.