करवतीचा वाटा

दोंडाईचा, आठवी ब.
मार्केटाकडून मिरचीचा खाट येतो,
अर्धा वर्ग शिंकतो, अर्धा वही झाकून बसतो.
फळ्यावर मी लिहिलेलं:
एक लाकडी पट्टी, एकशे शहाऐंशी सेंटिमीटर.
तीन तुकडे. दुसरा पहिल्याच्या दुप्पट,
तिसरा पहिल्याहून सहानं मोठा.
पहिला क्ष मानू, म्हटलं,
आणि एकोणचाळीस माना खाली गेल्या.

चार क्ष अधिक सहा.
बाजू बदलली की चिन्ह बदलतं,
हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही.
क्ष बरोबर पंचेचाळीस.
सगळ्यांचे पंचेचाळीस. काहींचे शेजाऱ्याचे.

जागृती मिस्तरीचे
चव्वेचाळीस पॉइंट आठ पाच.

मी लाल पेन उघडलं.
ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत:
"सर, तीन तुकडा म्हंजे दोन काप.
करवत एक कापमा तीन मिलिमीटर खास.
ते कोना वाटाले जास?"

वर्ग हसला. मीही, थोडा.
सांगितलं, पुस्तकातली पट्टी कापताना
भुसा पडत नाही.
"मंग ती पट्टी कसानी शे?"
बस खाली, म्हणालो.
तीनपैकी दोन गुण.

संक्रांतीनंतर कपाटाची फळी आणायला
शहादा रोडवर तिच्या बापाच्या दुकानात गेलो.
धुडकू मिस्तरी, कानावर पेन्सिल,
खुणेवर नाही, खुणेच्या जरा पलीकडे
करवत टेकवायचा.
"रेघ वाचनी पाहिजे, सर."
एवढंच बोलला, मग नुसता करवतीचा आवाज.
पायाशी तेलाचा रिकामा डबा,
हळूहळू भरत जाणारा.

कोपऱ्यात तोच भुसा ठासलेली शेगडी,
मधल्या भोकातून आच वर येत होती,
आणि तिच्यावर जागृतीनं चहा ठेवलेला.
गणिताबद्दल ती काही बोलली नाही.
साखर जास्त पडली होती.
मी दुसरा कपही घेतला.

तो गुण वाढवायचा राहिलाच.
वही भरली, पोरगी नववीत गेली.

आता हे उदाहरण देण्याआधी
वर कोपऱ्यात एक ओळ लिहितो:
करवतीची जाडी शून्य माना.
"कोणती करवत, सर?"
नवी मुलं विचारतात, पुन्हा पुन्हा वाचून.
मी पट्टी काढायला घेतो,
इथून तिथवर, सरळ,
आणि खडूची पांढरी पूड
बाहीवर पडत राहते.