तिसरा चौकोन

डिसेंबरात वार्दोहून बोटीनं पाकीट आलं.
आत एक रीळ, चारशेचं, कृष्णधवल.
आणि एक चिठ्ठी, तिच्यावर खारं पाणी सांडून
शाईचं पार शेवाळ झालेलं.
लागलं ते एवढंच: वर "कृपया",
खाली "टोरबोर्ग".

कृपया काय?

रीळ बोटांत फिरवताना
अंगठ्याला ओरखडा लागला.

डबीच्या अंगावर चौकोनांची पट्टी असते,
काही चंदेरी, काही काळे.
साध्या कॅमेऱ्याची ती बाराखडी.
त्याला ना चकती, ना बटण,
ना कानाशी जाऊन सांगायची सोय
की बाबा रे, आज जरा वेगळं धर.
डबी म्हणेल ती पूर्व दिशा.

चारशेच्या डबीवर, वरच्या ओळीत,
पहिला चंदेरी, दुसरा काळा, तिसराही काळा.
हिचा तिसरा खरवडलेला.
खालचा पत्रा उघडा.
म्हणजे सोळाशे.
म्हणजे कुणीतरी यंत्राला पटवलंय
की फिल्म आहे त्याच्या चौपट तल्लख आहे,
तू आपला डोळा लवकर मीट.

किंवा
नुसतीच कशाला तरी घासली असेल.
त्या बेटावर प्रत्येकाच्या खिशात एखादा गळ असतोच.

फोन लावला. वाजत राहिला.
या दिवसांत बायका सगळ्या शेडमध्ये,
सूर्य नोव्हेंबरात गेलेला, जानेवारीशिवाय तोंड दाखवत नाही,
एका दिव्याखाली उभं राहून
दोरीच्या हजार गळांना
बांगड्याचे हजार तुकडे.

सप्टेंबरात ती दुकानात आली होती.
म्हणाली, फ्लॅश मारला की आमच्या बायका
बर्फावर मांडलेल्या कॉडसारख्या दिसतात.
नाही मारला तर हात पुसले जातात.
हातच तर हवेत मला.
मी म्हणालो, सगळी सोंगं आणता येतात,
उजेडाचं आणता येत नाही.
दुसरा कॅमेरा घ्या, चकतीवाला.
हा एइलिफचा आहे, म्हणाली.
एइलिफ कोण ते मी विचारलं नाही.
दाराची घंटा वाजली, ती गेली.
मी काचा पुसत बसलो.

आता टाकी समोर, पाणी वीस अंशांवर,
आणि माझ्या हातात दोन आकडे:
नऊ मिनिटं की पंधरा.
ओरखडा खरा असेल आणि मी नऊ दिली
तर छत्तीस चौकटी भुतासारख्या पातळ.
ओरखडा खोटा असेल आणि पंधरा दिली
तर सगळं करपून ठार.
यंत्र फसलं तर फसू दे,
धुणाऱ्याला तरी खरं कळायला हवं ना.

भिंग लावलं.
चौकोन कडेपर्यंत साफ, चारी कोपरे कोरलेले,
शेजाऱ्याच्या काळ्यावर रेघसुद्धा नाही.
अपघात इतका नेमका थांबत नाही.
आणि खोबणीत, कोपऱ्यात,
माशाचा एक खवला, वाळलेला.

दिवा मालवला.
पंधरा.

दर मिनिटाला टाकी उलटी, सुलटी,
अंधारात माझेही हात
तेच तेच करत होते.

फिल्म दोरीवर टांगली तेव्हा ठिबकत होती.
दिवा काळा डाग, अंधार पांढरा,
कण जाड्या मिठासारखे.
आणि हात.
बोटांत गळ, गळाला तुकडा, अंगठ्याला गुंडाळलेलं फडकं,
एकीचं हसताना वर गेलेलं कोपर.
तेविसाव्या चौकटीत एक हात तरी निसटलाच,
त्याचा नुसता धूर.

रिकामी डबी मी एरवी फेकतो.
ही पाकिटात घातली, निगेटिव्हसोबत.
बिलात जादा सहा मिनिटांचे पैसे धरले,
मग खोडले.
खाली लिहिलं:
पुढच्या वेळी चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा.