पाय नसलेल्या बाईचे पाय

आमच्या बेटावर बाईच्या बाहुलीला पाय नसतात.
पुरुषाला असतात, पोटऱ्यांसकट कोरलेले.
बाईला नुसता किमोनोचा घोळ
आणि घोळाच्या आत माझ्या दोन मुठी.
त्या टेकवल्या की तिचे गुडघे,
एक पुढे सरकवली की तिचं पाऊल.

नऊ वर्षं काळ्या बुरख्यात, कमरेत वाकून
मी ओनाएचे पाय झाले आहे.
मुंडकं आणि उजवा हात कुरामोची गुरुजींकडे,
डावा तेत्सुयाकडे,
आवाज कडेला बसलेल्या गायकाचा.
उरेल ते माझं.

यंदा अवाजीला बस फार येऊ लागल्या.
आधी समुद्रातले भोवरे, मग कांद्याचं सूप,
मग पन्नास मिनिटं बाहुल्या.
समितीचे मात्सुनागा म्हणाले,
शेवट ठेवू. बर्फ ठेवू. मरण तर हवंच.
चौथा प्रवेश तेवढा काढू,
त्यात घडतं काय?

खरंच, काय घडतं?
किसाबुरो दारात येतो, आकाशकंदिलाच्या कागदाची गुंडाळी
अजून काखेत.
चल, म्हणतो, आज रात्रीच.
आणि ओनाए, जिनं दुपारी त्याच्या आईला
शब्द देऊन ठेवलाय,
तंबाखूची नळी झटकते.
कंटाळा आला तुझा, म्हणते.
कागद आहेस तू. उजेड नेहमी दुसऱ्याचा.
तो जातो. दार सरकतं.
एवढंच.

पण खाली, घोळात,
माझी डावी मूठ अर्धी वीत पुढे जाते, दाराकडे,
आणि उजवी तिला मागे दाबून धरते.
संहितेत हे नाही.
माझ्याआधी जी होती तिनं शिकवलं,
तिला तिच्याआधीच्यानं:
तोंड खोटं बोलत असताना
पायांनी काय करायचं.
पाय निघत नाही म्हणतात ना,
ते मला हातांनी करावं लागतं.

तिसऱ्या रांगेत सादाओका आजोबा असतात.
बोटांना कांद्याचा वास, स्वतःची उशी घरून आणलेली.
चौथा प्रवेश झाला की उठतात, बूट घालतात, जातात.
एकदा विचारलं, शेवट नाही बघत?
मरायचं काय, म्हणाले, ते सगळ्यांनाच जमतं.
ती दोघं मेली ती इथं, दारात.
पुढची नुसती आवराआवर.

तर प्रवेश काढला.
बर्फ पडला, सुरी चमकली,
दोन लाकडी मुंडकी एकमेकांवर टेकली.
टाळ्या झाल्या, फोटो झाले.
आजोबा शेवटपर्यंत बसून राहिले,
चौथा प्रवेश कधी येतो म्हणून.
मग चपलांच्या मांडणीपाशी मला गाठून म्हणाले,
आज ती खोटं बोललीच नाही.
मग मेली कशाला?

मला उत्तर आलं नाही.
रात्री मुठी उगाच मिटत उघडत राहिल्या.

गुरुजींना मी काही सांगितलं नव्हतं.
ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, ओसाकाची बस आलेली,
तिसरा प्रवेश संपला आणि ते हललेच नाहीत.
उंच लाकडी खडावांवर उभे,
ओनाएची मान किंचित खाली.
गायकानं त्यांच्याकडे पाहिलं,
शामिसेनवाल्यानं गायकाकडे,
आणि चौथा सुरू झाला.

बाहेर बसवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.
कंटाळा आला तुझा, ती म्हणाली,
आणि माझी डावी मूठ
अर्धीच्या ऐवजी अख्खी वीत गेली.
आवरलीच नाही मला.
लाकडातून ते वर पोचलं असावं,
कारण गुरुजींनी तिची मान
दाराच्या उलट्या बाजूला वळवली,
जी त्यांनी चाळीस वर्षांत कधी वळवली नव्हती.
पुढच्या रांगेतल्या मुलीचा वर धरलेला फोन
हळूहळू मांडीवर आला.

मग वेळच उरला नाही.
मात्सुनागा विंगेतून घड्याळ दाखवत होते.
पडदा तिथंच पाडला, दोघं जिवंत असताना.
बर्फ कुठाय, असं कुणी विचारलं नाही.
नारुतोच्या पुलापर्यंत बसमध्ये कुणी बोललं नाही,
असं तो हॉर्नवालाच पुढच्या खेपेला सांगत होता.

मी आवरायला माडीवर गेले तेव्हा
कागदाचे कपटे टोपलीत तसेच होते, काठोकाठ.