भटका तोटा

भांडुपच्या शेडमध्ये,
फोमच्या सुळक्यांनी मढवलेल्या खोलीत
मोटर एकटीच फिरते.
मी काचेबाहेर, कानांवर हेडफोन.
एकवीसशे फेऱ्यांपर्यंत शहाण्यासारखी,
बाविसशेला शीळ घालते.
ओलं बोट
काचेच्या पेल्याच्या कडेवरून फिरावं, तशी.

इंजिन घरघरत असतं तोवर
तेच सगळं पोटात घालतं.
सिग्नलला इंजिन झोपतं
आणि मोटर उघडी पडते.
पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरनं लिहून दिलं :
डॅशबोर्डात डास आहे.

धनेश्वर सर म्हणाले, स्विचिंग वाढवा,
कानाच्या पलीकडे न्या आवाज.
नेला.
डास गेला, इन्व्हर्टर तापला.
नुसतं गप्प बसायला चाळीस वॉट!
शांततेचंही बिल येतं
आणि ते बॅटरीनं भरायचं.

माझ्याकडे तोट्याचा तक्ता असतो.
तांब्याचा, लोखंडाचा, बेअरिंगचा, वाऱ्याचा,
आणि तळाला एक रकाना : भटका.
कशातच बसत नाही ते तिथं टाकायचं.
आईच्या डायरीत असायचं ना,
'इतर, सदतीस रुपये',
आणि त्यावर बाबांचं भांडण.

नमुन्याचं वाइंडिंग हुसेनमियाँ परकारांचं.
कुर्ल्याला पाइप रोडच्या आत दुकान,
शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर, एकोणतीस वर्षं.
डावा कान पुरता गेलेला, उजवा जाण्याच्या बेतात.
त्या डेसिबलना माझ्या तक्त्यात
भटकासुद्धा रकाना नाही.

चाचांनी हेडफोन हातानंच बाजूला सारला.
पेचकस मागितला.
पातं मोटरच्या अंगाला, मूठ दाढेखाली,
डोळे मिटलेले.
मी बाविसशेवर नेली.
बराच वेळ तसेच.
मग मूठ तोंडातून काढून, बाहीला पुसून :
"तांबं गप हाय. दात वाजतायत."

स्टेटरचे दात.
अठ्ठेचाळीस. प्रत्येकासमोरून चुंबक
एकदम, अख्खाच्या अख्खा जातो,
दात ओढला जातो, सुटतो, ओढला जातो.
हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.
त्यांना दाढेतून कळलं.

"होडी लाटेवर सरळ घातलीस तर आपटणारच,"
रत्नागिरीचा माणूस म्हणाला,
"जरा तिरकी घाल."

रोटरचे चार तुकडे केले,
एकेक थोडा थोडा वळवून बसवला.
पत्रा पाव मिलिमीटरचा आणला;
तो कापणाऱ्यानं दोनदा शिव्या घातल्या.
स्विचिंग परत खाली.
जोर दीड टक्का गेला, त्यावर मीटिंग झाली,
समोसे आले, थंड झाले.
शीळ अकरा डेसिबलनं उतरली.
इन्व्हर्टरवर हात ठेवता येतो आता,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

शनिवारी चाचांना गाडीत बसवलं,
शेडच्या आवारात, इंजिन बंद.
गुलमोहराखालून, भंगाराच्या ढिगाला वळसा.
"चालू केलीस?" त्यांनी विचारलं.
आम्ही तेव्हा तिसरी फेरी मारत होतो.

मग त्यांना दिसलं, झाड मागं जातंय.
पुढं वाकले. हनुवटी डॅशबोर्डवर टेकवली,
दाढी चेपली गेली.
"हाय," म्हणाले. "बारीक हाय."
मी विचारलं, काढू का तेवढंही?

तक्त्यात भटका नऊ वॉट होता त्या दिवशी.

हनुवटी न उचलता
त्यांनी हात हलवला :
राहू दे.