गांधीसागर, पाच चाळीस

फोनमध्ये एक हिरवी माळ होती,
तलावाच्या नकाशाला टांगलेली.
खाली नाव : वि. डोंगरवार.
नव्वद दिवसांत सत्त्याऐंशी फेऱ्या.
वेग पाहाल तर हसाल.
माळ वेगाला नव्हतीच,
ती पुन्हा येणाऱ्याला होती.

मी मेयोतली रात्रपाळी उतरून यायचे,
सुजल्या पायांनी एक चक्कर टाकायचे.
माझ्या एकसष्ट झाल्या तोवर
न पाहिलेल्या त्या माणसाचा मला राग येऊ लागला होता.
मे महिन्यात पहाटेही डांबर गरम असताना तो चालला.
मारबतीच्या दिवशीसुद्धा,
अर्धं शहर रस्त्यावर उतरायच्या आत
त्याची फेरी नोंदवलेली.

मग गणपतीत आकडा हलला. खाली.
शहाऐंशी, पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी,
सलाईनची बाटली उतरावी तसा.
ॲपला एवढंच कळत होतं :
मागच्या दारानं एक दिवस गेला,
पुढच्या दारानं कोणी आलं नाही.

पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी
माळ माझ्या नावावर आली.
या पंधरवड्यात आम्ही घरात
साधी केरसुणीही नवी आणत नाही.

दुर्पताबाईनं चहा गाळता गाळता सांगितलं :
"मास्तर होते थे. शाळेचे नाही वं, बँडचे.
डावा पाय जोरात टाकत, ढोल असल्यावानी.
मारबतीच्या रात्रीच गेले.
फोन पोरानं देला होता त्याईले,
बाप हरवला त सापडला पाहिजे म्हणून."

मी काही बोलले नाही.
रोज उघडून पाहायचे :
चाळीस. सव्वीस. अकरा.
वॉर्डात असे आकडे मी पुष्कळ पाहिलेत,
पण ते एवढा वेळ घेत नाहीत.

नोव्हेंबर सरता सरता पाण्यावर धुकं आलं
आणि यादीतून ते नाव गेलं.
खूण नाही, रिकामी ओळ नाही.

त्याच सकाळी
पेपरवाल्या पोराला दुर्पताबाई दटावत होती :
"पाच चाळीसले त्या पिंपळाखाली सायकल लावत नको जाऊ.
डावा पाय वाजते तिथं.
माणूस दिसत नाही."

पोरगं हसलं. मग हसू आवरून
माझ्याकडे वळलं :
"मॅडम, तुम्ही त रोज येता.
तुमाले आला का कधी आवाज?"

खिशात फोन होता, फोनमध्ये माळ.
मी कप खाली ठेवला.
"रोज," म्हटलं.