फॉइलमधलं ऊन

नळीला चंदेरी फॉइल गुंडाळायची,
हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं मला.
उन्हाचाच हिशोब आहे ना हा,
म्हणून त्याला ऊन लागू द्यायचं नाही.
हसले होते मी तेव्हा.
लातूरचा मे महिना, पत्र्याची लॅब,
पंखा तोच तापलेला वारा पुन्हा पुन्हा वाटतोय,
आणि मी चार मिली रक्ताला
सावली करून देतेय.

दैवशाला बालाजी सोमवंशी. वय तेवीस. पहिलटकरीण.
कामाच्या रकान्यात: डाळमिल.
आठला शेडमध्ये शिरायचं, तुरीतले खडे वेचायचे,
ऊन बघायचं ते छपराच्या भोकातून
पोत्यावर पडलेलं, रुपयाएवढं.
दुपारभर तो रुपया सरकत जातो,
हाताला लागत नाही.

ड जीवनसत्त्व: सात.
वीस तरी हवं होतं.
नाळेच्या रक्तात पाच.
आईच्या मापानंच भरतं लेकराचं माप,
पोटात वेगळं दुकान नसतं.

चौथ्या रात्री मुलगी झटके देऊ लागली.
डावा हात, मग पापणी, मग सगळी.
"पाचवी पुजायच्या आतच सटवी येऊन गेली का बाई?"
सासू भिंतीला टेकून बसली.
कॅल्शियम शिरेतून थेंब थेंब सोडलं,
सिस्टरनं ठोके मोजत रात्र काढली.
पहाटे मूठ सैल झाली.
एवढुशी मूठ, तिच्यात घामच होता.

सकाळी थोरली बहीण आली, सत्वशीला,
सोयाबीनच्या रानात रापलेली, हातात डबा.
"ऊन काय कमी हाय का आपल्याकडं?
माज्यातलं काडून द्या की हिला."
मी तिचंही रक्त घेतलं. फॉइल गुंडाळली.
नऊ आलं.

त्या नऊकडं ती बघतच राहिली,
कुणीतरी मजुरी बुडवल्यासारखी.
मॅडमनी मला जनुकं समजावली होती इंग्रजीत,
मी तिला मोंढ्यात नेऊन सांगितली:
ऊन अंगावर पडलं म्हणजे माल बाजारात आला.
पण पोती उचलायला रक्तात हमाल लागतो.
कुणाचा दणकट, कुणाचा कुचराई करणारा.
आणि जिथं उतरवायचं
त्या आडतीचं दारही कुणाकुणाचं नीट उघडत नाही.
असं असू शकतं. असेलच असं नाही.
अंगभर लुगडं, डोक्यावर पदर, तेही असतं.

"हमाल आईकडचा का बापाकडचा?"
दोघांकडून अर्धा अर्धा, मी म्हणाले.
"मग बरोबर हाय," सत्वशीला म्हणाली,
"आमच्या बापानं कवा काय उचललंच न्हाई."
दैवशाला टाके धरून हसली.
झाल्यापासून पहिल्यांदा.

पाचवीला सासूनं वॉर्डातच उशाशी
कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं,
कपाळी काय ते लिहून जावं म्हणून.
मला सांगवेना की बरंचसं लिहून झालंय, मावशी,
नऊ महिन्यांपूर्वीच, बारीक अक्षरात,
आणि तेही सगळं खरं होतंच असं नाही.
पहाटे राउंडला सिस्टरला चिठ्ठी सापडेना,
तिनं तोच कागद ओढला:
थेंब, रोज चारशे युनिट, वर्षभर. चुकवू नये.
आईची गोळी वेगळी, दर आठवड्याला.
सासूनं तो घडी घालून कपाळाला लावला,
मग ब्लाउजात ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दारात रिक्षा उभी होती.
दैवशालानं सवयीनं
लेकराच्या तोंडावर पदर ओढला,
पायरीवर थांबली,
पाय तेवढे उघडे केले लेकराचे.
सासू काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही.

जनुकांच्या नळ्या संध्याकाळच्या गाडीनं गेल्या.
रिपोर्ट अजून आलेला नाही.